नुक्ता आणि दोनशे केबी

गेल्या जूनमध्ये आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील शाळेत आले. हातात एक प्रिंट होती. मुलीच्या जातवैधतेचा ऑनलाइन अर्ज परत आला होता आणि शेरा होता, 'जातीच्या रकान्यातील मजकूर अवाच्य'. तो मजकूर आमच्याच शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमधला. मुलीच्या आजोबांचं नाव 1956 साली पहिलीत दाखल झालं, तेव्हाच्या हेडमास्तरांनी टाकानं लिहिलेलं, अर्थातच उर्दूत.

ज्यांना हा व्याप ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्रात ओबीसीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. आमच्याकडच्या पिंजारी, तांबोळी, अत्तार, बागवान अशा घरांमध्ये त्या काळचे कागद सापडतात कुठे? जमीन नव्हती, म्हणून सातबारा नाही. उरतं ते शाळेचं रजिस्टर. त्यातली एक ओळ म्हणजे कुणाची तरी फी, कुणाची तरी सीट.

"सर, रजिस्टरात तर इतकं साफ लिहिलंय," ते म्हणाले. मी कपाटातून रजिस्टर काढून पाहिलं. खरंच साफ होतं. सत्तर वर्षांपूर्वीची शाई तपकिरी झाली होती, पण 'पिंजारी' हा शब्द माझ्या पाचवीतल्या मुलांनाही वाचता आला असता. मग प्रिंटमध्ये तो गेला कुठे?

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला, व्हॉट्सअ‍ॅपवरून फॉर्म भरणाऱ्या मुलाला पाठवला. त्याला 200 केबीच्या आत फाइल हवी होती, म्हणून त्यानं ती एका वेबसाइटवर टाकून लहान केली. तरी बसेना, म्हणून पुन्हा लहान केली. म्हणजे एकच चित्र तीनदा दाबलं गेलं. जेपेगमध्ये प्रत्येक वेळी थोडं काहीतरी कायमचं टाकून दिलं जातं, ते परत येत नाही. त्या मुलाचा राग करून उपयोग नाही. त्याला उर्दू येत नाही, आणि त्याच्या स्क्रीनवर 'अपलोड यशस्वी' असं हिरव्या अक्षरात आलं होतं.

उर्दू न शिकलेल्या वाचकांनी एवढं लक्षात घ्यावं, की या लिपीत शब्दाच्या मध्ये आले की बे, पे, ते, नून, ये या सगळ्यांचा आकार एकच, एक बारीकसा दात. फरक फक्त ठिपक्यांचा. वर एक की खाली तीन, एवढ्यावर अक्षर ठरतं. 'रहमत'च्या पहिल्या अक्षरावर एक ठिपका चढला की 'जहमत' होते. कृपेची पीडा व्हायला एवढंच पुरतं. 'पिंजारी'त पेचे तीन, नूनचा एक, जीमचा एक आणि शेवटी रे, ये. पाच नुक्ते. प्रिंटमध्ये मला त्यातले दोन दिसले, आणि एक असा दिसला जो रजिस्टरात नव्हताच.

हा न लिहिलेला नुक्ता मला छळत राहिला. म्हणून रविवारी घरच्या कॉम्प्युटरवर बसलो. विंडोजवर चालणारा एक फुकट प्रोग्रॅम आहे, रॅडिकल इमेज ऑप्टिमायझेशन टूल. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की होतं 'रायट', म्हणजे दंगल. शाळेच्या कॉम्प्युटरवर तो टाकला तेव्हा आमचे हेडसर आयकॉनकडे बघून म्हणाले, "सर, आधी याचं नाव बदला. उद्या कुणी फोटो काढला तर समजावत बसावं लागेल." बदललं. आता तिथे 'फोटो लहान करा' असं लिहिलंय.

नाव सोडलं तर प्रोग्रॅम गरीब स्वभावाचा आहे. खिडकीचे दोन भाग. डावीकडे मूळ चित्र, उजवीकडे दाबल्यावर कसं दिसेल ते. एका बाजूला सरकवलं की दुसरी बाजूही सरकते. खाली दोन्हींचं वजन केबीत. गुणवत्तेची पट्टी हलवली की उजवीकडचं चित्र लगेच बदलतं. मी नीट स्कॅन केलेलं पान, साधारण 4 एमबीचं, उघडलं, 'पिंजारी' या शब्दावर मोठं केलं आणि पट्टी हळूहळू खाली आणत गेलो.

80 वर डावं-उजवं सारखंच. 60 वरही मला फरक सांगता आला नसता. 40 च्या आसपास अक्षरांच्या कडेला मळकट रेघा उमटायला लागल्या. 20 वर शब्दाभोवती चिलटं घोंगावत असल्यासारखे कण दिसू लागले, आणि तिथेच मला तो न लिहिलेला नुक्ता सापडला. प्रोग्रॅमच्या दृष्टीनं तो कचरा. उर्दू वाचणाऱ्याच्या दृष्टीनं ते अक्षर होतं.

असं का होतं याचं कारण या पद्धतीतच आहे. 1992 साली ठरलेलं हे जेपेगचं मानक मुख्यतः फोटोंसाठी बनलं. ते चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले सावकाश होणारे बदल जपून बारीक, झटकन होणारे बदल आधी टाकतं. चेहरा, आभाळ, डोंगर यांचं त्यात बिघडत नाही, आपले डोळे फसतात. पण पांढऱ्या कागदावरचा शाईचा ठिपका हा सगळाच्या सगळा झटकन होणारा बदल. जे आधी टाकायचं तेच आपलं अक्षर. देवनागरीवाल्यांनी हसू नये. हीच पट्टी मी एका जुन्या मराठी दाखल्यावर चालवली, तर 'वंश'चा 'वश' झाला आणि घ-ध, भ-म ओळखू येईनात.

मग मला वाटलं, जेपेगच नको. पान पूर्ण काळं-पांढरं करून पीएनजीत ठेवू. पीएनजी काही टाकत नाही आणि दोनच रंग असले की फाइलही हलकी होते. केलं. वजन छान उतरलं, अक्षरं कशी कातीव! पण डावीकडे पाहिलं तर कागदावरचे वाळवीचे डाग उजवीकडे काळेभोर ठिपके झाले होते, आणि जिथे शाई फिकी होती तिथले खरे नुक्ते पांढऱ्यात विरले होते. हे जास्त धोक्याचं. धुरकट प्रत निदान सांगते की मी धुरकट आहे. ही प्रत स्वच्छ चेहऱ्यानं खोटं बोलत होती.

हा माझा वहीम नाही. 2013 साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलतात. एका बांधकामाच्या नकाशात खोलीचं क्षेत्रफळ 21.11 चौरस मीटर होतं, प्रतीत 14.13 आलं. जागा वाचवण्यासाठी यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवून ठेवत होतं आणि भलत्याच्या जागी भलताच तुकडा बसवत होतं. आकडा ठळक, सुबक आणि चुकीचा. कंपनीला दुरुस्ती काढावी लागली.

शेवटी मी मधला मार्ग धरला. रंग काढून राखाडी छटा ठेवल्या, पानाची लांबी-रुंदी थोडी कमी केली, गुणवत्ता 55 ला थांबवली. पान 190 केबीत बसलं. शिवाय फक्त त्या ओळीची कापलेली मोठी प्रत 'इतर कागदपत्रे' मध्ये वेगळी जोडली. दोन्ही जपून ठेवायच्या नाहीत, फक्त पाठवायच्या. जपायचा तो मूळ 4 एमबीचा स्कॅन. पेन ड्राइव्हची किंमत बघता शाळांनी याबाबत कंजुषी का करावी, मला कळत नाही.

माझं म्हणणं दोघांना आहे. एक, ज्यांनी 200 केबीची मर्यादा ठरवली त्यांना. पासपोर्ट फोटोला आणि सत्तर वर्षांच्या हस्तलिखित पानाला एकच माप लावलं जातं, आणि त्याचा भुर्दंड ज्याच्याकडे एकच कागद आहे त्याला बसतो. जुन्या दस्तऐवजांसाठी मर्यादा वाढवा, आणि सादर करण्यापूर्वी अर्जदाराला त्याची प्रत मोठी करून दाखवा. दुसरं म्हणणं आपल्याच लोकांना, उर्दू शाळांना. आपण भाषेच्या नावानं मुशायरे भरवतो, पण रजिस्टरं वाळवीला सोडतो. कुठला ठिपका शाईचा आणि कुठला वाळवीचा हे कोणताही प्रोग्रॅम सांगणार नाही. तो फक्त डावं-उजवं समोर ठेवतो. बघणाऱ्याला लिपी आली पाहिजे. आमच्या शाळेत 1950 च्या दशकातलं ते शिकस्त वळणाचं अक्षर सहज वाचणारे आता दोघेच आहोत, आणि दुसरे सर येत्या मे महिन्यात निवृत्त होतायत.

अर्ज दुसऱ्यांदा गेला. ऑगस्टमध्ये मुलीच्या वडिलांचा फोन आला. भाषांतरकारानं 'पिंजारी' असं वाचून मराठीत लिहून दिलं होतं. मी त्यांना विचारलं, कोणत्या प्रतीवरून वाचलं? त्यांना ते माहीत नव्हतं, आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. मी त्या दिवशी 1953 चं रजिस्टर उघडून बसलो होतो. पहिल्या पानाला पाण्याचा डाग आहे, आणि त्याखाली अकरा नावं.