आरोग्य आणि आपण : मेंदूतील उपकरण आणि वरची कातडी

कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, रुग्णांना औषधे पुरेशी पडेनाशी झाली की डॉक्टर काहींना ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ सुचवतात. बोलीभाषेत याला ‘मेंदूचा पेसमेकर’ म्हणतात. फ्रान्समधील ग्रनोबल येथे १९८७ मध्ये डॉ. बेनाबिद आणि डॉ. पोलाक यांनी या उपचाराचा आजचा मार्ग खुला केला. आता मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतही ही शस्त्रक्रिया होते. थरथर कमी होते, हातात चहाचा कप धरता येतो, आणि घरातल्यांना वाटते, आता सगळे संपले. मेंदूचे काम झालेले असते हे खरे, पण कातडीचे काम पुढे आयुष्यभर चालू राहते.

या उपकरणाचे काही भाग असतात. मेंदूत बसवलेली बारीक तार, कवटीच्या छिद्रावरचे छोटे झाकण, आणि छातीत कॉलरबोनच्या खाली ठेवलेली बॅटरी. डोक्यापासून कानामागून मानेतून छातीपर्यंत एक वायर कातडीखालून जाते. म्हणजे हे सगळे सामान पातळशा कातडीच्या आधाराने टिकलेले असते. वयोवृद्ध माणसाच्या डोक्यावरची कातडी मुळातच पातळ, त्यात कंपवाताने वजन उतरलेले. खालून कठीण वस्तूचा दाब आणि वरून घासणे, यामुळे ती हळूहळू झिजते. मधुमेह ताब्यात नसेल किंवा विडी-सिगारेट चालू असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि जंतूंना वाट मिळते.

काय पाहत राहावे?

जंतुसंसर्ग बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांत होतो. कातडी झिजून तार उघडी पडणे मात्र काही वर्षांनंतरही घडू शकते. म्हणून आठवड्यातून एकदा चांगल्या उजेडात घरातल्या कोणीतरी अब्बांचे डोके, कानामागची जागा, मान आणि बॅटरीवरची कातडी पाहावी. स्वतः रुग्णाला टाळू आणि कानामागची जागा दिसत नाही. लालसरपणा, गरम लागणे, सूज, दुखणे, पाणी किंवा पू येणे, पुन्हा पुन्हा धरणारी खपली, कातडी चकचकीत आणि ताणलेली दिसणे, ही सारी धोक्याची चिन्हे. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नये, संसर्ग तापाशिवायही असतो. दर वेळी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला तर बदल लगेच कळतो.

यातले काही दिसले तर ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तिथे त्याच दिवशी कळवावे. तार किंवा बॅटरीचा कोपरा दिसू लागला असेल, किंवा जखमेबरोबर ताप, सतत डोकेदुखी, झटके, गोंधळलेपणा असेल, तर तो तातडीचा प्रसंग समजावा.

काय करू नये?

घराघरांत सहसा असे घडते : बारीकशी पुळी आहे म्हणून आधी हळद लावली जाते, मग मेडिकलमधून आणलेले मलम, मग गल्लीतल्या डॉक्टरांच्या चार गोळ्या. वरून खपली धरते, आत मात्र जंतू उपकरणाच्या पृष्ठभागावर थर करून बसतात. त्या थरात औषध नीट पोहोचत नाही. आठवडे जातात आणि वेळीच सांगितले असते तर कदाचित वाचले असते ते काही लाखांचे उपकरण काढावे लागते. म्हणून आपल्या मनाने अँटिबायोटिक सुरू करू नये. सूज आली तर तिथे सुई टोचून पाणी काढू देऊ नये, कारण सुईने वायरला इजा होऊ शकते आणि जंतूही आत जातात.

हिजामा करून घेण्याची पद्धत आपल्याकडे अनेक घरांत आहे. पण डोके, मान आणि छातीच्या ज्या भागातून वायर गेली आहे तिथे चिरा देणे किंवा पेला लावणे अजिबात नको. फिजिओथेरपीत यंत्राने दिला जाणारा ‘डायथर्मी’चा शेक तर या रुग्णांना शरीराच्या कुठल्याही भागावर चालत नाही. त्याने तारेची टोके तापून मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. तेलाची जोरदार चंपी, बॅटरी बोटांनी चाचपत फिरवणे, खपली खरवडणे, हेही टाळावे. कंपवातात डोक्यात तेलकट कोंडा आणि खाज नेहमीची असते. तिच्यासाठी डॉक्टरांकडून औषधी शाम्पू घ्यावा, नखे बारीक ठेवावीत.

रोजच्या व्यवहारात

टाके निघेपर्यंत जखम कोरडी ठेवायची असते. पाणी अपायकारक असेल तेव्हा पट्टीवरून ओला हात फिरवण्याची आणि गरजेप्रमाणे तयम्मुमची सवलत शरीयतने दिली आहे. तपशील इमामसाहेबांना विचारावा. शस्त्रक्रियेच्या वेळी डोक्याला चौकट बसवली असेल तर तिच्या स्क्रूच्या बारीक जखमा कपाळावरही असतात. त्या भरेपर्यंत आणि डॉक्टर वाकायला हरकत नाही म्हणेपर्यंत खुर्चीवर बसून इशाऱ्याने सजदा करावा. टोपी सैल आणि मऊ सुती असावी. अम्मींनी दुपट्ट्याची पिन कानामागे किंवा वायरीच्या रेषेवर लावू नये. पिशवीचा पट्टा बॅटरीच्या बाजूला घेऊ नये. उमरा-हजला गेल्यावर वस्तऱ्याऐवजी केस कापून घेण्याची मुभा पुरुषांना आहे, तिचा लाभ घ्यावा. उपकरणाचे ओळखपत्र पासपोर्टजवळ ठेवावे.

उपचार काय होतात?

संसर्ग वरवरचा असेल तर अँटिबायोटिक आणि जखमेची सफाई पुरते. बॅटरीजवळ खोलवर असेल तर बऱ्याचदा बॅटरी आणि वायर काढतात, मेंदूतली तार शक्य असल्यास ठेवतात आणि संसर्ग पूर्ण बरा झाल्यावर, साधारण काही आठवडे ते महिन्यांनी, पुन्हा बसवतात. कातडी फारच झिजली असेल तर प्लॅस्टिक सर्जन शेजारची जाड कातडी सरकवून झाकतात. मधल्या काळात थरथर आणि ताठरपणा परत येतो, कधी एकदम वाढतो. म्हणून कंपवाताच्या गोळ्यांचे प्रमाण आधीच न्यूरॉलॉजिस्टकडून ठरवून घ्यावे. गोळ्या अचानक बंद करू नयेत.

पुष्कळ वडीलधारी माणसे “मुलांना पुन्हा खर्चात कशाला घालायचे” म्हणून दुखणे लपवतात. त्यांना स्पष्ट सांगावे की खर्च लपवण्याने वाढतो. शुक्रवारी केस विंचरताना दोन मिनिटे कानामागे पाहिले, तर सूज लहान असतानाच हाती लागते.