यात्रा द्राक्षांची की वारुणीची?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूर ही दोन नावे महाराष्ट्राच्या तोंडी बसली, ती भूकंपामुळे. या भागाकडे बाहेरचा मनुष्य पुढे वळला तोही बहुधा पुनर्वसनाच्या वसाहती पाहण्यासाठीच. पर्यटक म्हणून इकडे कोणी येईल, ही कल्पना आजही विचित्र वाटते. द्राक्षांचे पर्यटन म्हटले की डोळ्यांपुढे उभे राहते ते नाशिक. तिथे सुटीच्या दिवशी मुंबई-पुण्याची मंडळी मोटारी भरून जातात, शेनिन ब्लांक, शिराझ, सोव्हिन्यों ब्लांक अशी नावे सराईतपणे घेतात आणि प्याले हुंगून परततात. आता सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या माळावर इटलीचे सांजोव्हेसेही रुजले आहे. या रसिकांपैकी किती जणांना आपल्याच मातीत जन्मलेल्या द्राक्षांच्या चार जाती सांगता येतील?

त्या सांगण्याजोग्या खचितच आहेत. सास्तूरहून तुळजापूरमार्गे सोलापूरकडे उतरावे आणि बार्शी रस्त्यावरील नान्नज गाठावे. माळढोक पक्ष्याचे म्हणून हे गाव शाळेच्या पुस्तकात भेटते. परंतु याच गावच्या नानासाहेब काळे या शेतकऱ्याने थॉम्पसन सीडलेसच्या मळ्यातून लांबट मण्यांची ‘सोनाका’ निवडली आणि किशमिश चोर्नी या परदेशी काळ्या वाणातून ‘शरद सीडलेस’ आणली. तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’ दिली. यांपैकी कोणाकडे प्रयोगशाळा नव्हती. हजारो घडांत एखाद्या काडीवर निराळा घड दिसतो. तो ज्याच्या नजरेस पडतो, तो त्या काडीला खूण बांधतो, तिची कलमे करतो आणि पुढील हंगामांत तोच गुण टिकतो का, हे पाहत राहतो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, पुन्हा एप्रिल. असे तप केल्यावर कुठे एक जात उभी राहते.

दुसरी बाजू गमावल्याची आहे. एके काळी नाशिकची भोकरी आणि फकडी, दौलताबादची हबशी ही द्राक्षे नावाने मागून घेतली जात. त्यांत बी असे, पण चवीत वेगळेपण होते. बाजाराला बिनबियांचा, लांब, एकसारखा मणी हवा झाला. जिबरेलिक आम्लात घड बुडवून मणी फुगवण्याचे तंत्र आले आणि जुनी नावे मळ्यांतून पुसली गेली. आज राज्यातील बहुतेक बागा थॉम्पसनच्याच गोतावळ्यातील आहेत. एकाच कुळाच्या, एकाच सुमारास छाटलेल्या वेली एकाच वेळी फुलतात, म्हणूनच फुलोऱ्यात आलेला एक अवकाळी पाऊस साऱ्या तालुक्याला एकदम झोपवतो.

यावर वाइन हा उतारा म्हणून सांगितला जातो. २००१ मध्ये राज्याने त्यासाठी स्वतंत्र धोरण आखले, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. जानेवारी २०२२ मध्ये तर तत्कालीन सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकण्यास परवानगी देण्याचे ठरवले, तेही शेतकऱ्याच्या नावाने. विरोधामुळे तो निर्णय बारगळला, हे बरेच झाले. राज्यातील द्राक्षांचा फार मोठा हिस्सा खाण्यासाठी व बेदाण्यासाठी जातो. वाइनच्या वाट्याला येतो तो अगदी लहान. शिवाय वाइनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे आणि बियांचे. कारखान्याने पाठ फिरवली तर ते मंडईत कोण घेणार? २००८ च्या मंदीनंतर नाशिककडील अनेक बागायतदारांनी हे भोगले आणि वेली उपटल्या.

यात केवळ सोवळेपणाचा आग्रह नाही. द्राक्षासवही आंबवूनच होते, हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु ज्या चरकाने फळांत मृद्वीकेला पहिला मान दिला, त्याच्या देशात द्राक्षाची चव घ्यायला प्यालाच कशाला हवा?

फेब्रुवारी-मार्चमध्ये, घड उतरत असताना, तुळजापूर ते नान्नज अशी फळांचीच यात्रा का निघू नये? कुटुंबाने मुलाबाळांसह मळ्यात बसावे, सोनाका आणि शरद शेजारी ठेवून चाखाव्यात, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने रसासाठी काढलेली, आतून लाल गराची ‘मांजरी मेडिका’ बघावी, बेदाण्याची शेड पाहावी. पाण्याचा आक्षेप येईल, आणि २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आलेले पाहिलेल्या प्रदेशात तो यायलाच हवा. पण ठिबकवरची, डॉगरिजच्या खुंटावर बांधलेली बाग उसापेक्षा कितीतरी कमी पाण्यात निभावते. सास्तूरजवळ माकणीला निम्न तेरणेचा जलाशय आहे; भूकंपानंतर ज्ञान प्रबोधिनीने जिथे काम उभारले ते हराळी याच लोहारा तालुक्यात आहे. वीस जातींच्या दोन-दोन ओळींचा एक संग्रह-मळा इथे लावण्यास फार मोठा खर्च नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करण्याचा हक्क दिला आहे, आणि परदेशी कंपन्यांच्या वाणांसाठी आपले बागायतदार आता स्वामित्वधन मोजू लागले आहेत. पुढच्या ऑक्टोबर छाटणीआधी भोकरी-फकडीच्या काड्या कोणाच्या परसात अजून तग धरून आहेत, एवढी चौकशी नाशिक आणि दौलताबादकडील वाचकांनी करावी.