चुका, चुका आणि नुसत्या चुका

मंडळी, शीर्षक वाचून "बाईंनी पुन्हा लाल पेन बाहेर काढलं" असं म्हणू नका. हे शीर्षक माझं नाहीच. इंग्लंडमध्ये १६०६ साली याच अर्थाच्या नावाचं पुस्तक निघालं होतं, 'फॉल्ट्स, फॉल्ट्स अँड नथिंग एल्स बट फॉल्ट्स'. लेखक बार्नबी रिच. चौतीस वर्षं वह्या तपासलेल्या बाईला हे नाव दिसलं आणि ती तशीच पुढे गेली, असं होईल का?

खरं तर रिचशी माझी गाठ वेगळ्याच कारणाने पडली. नववीच्या वर्गाला मी 'ट्वेल्फ्थ नाइट'ची गोष्ट मराठीतून सांगत असे. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, शेक्सपिअरला हे सुचलं कसं?" मी ठोकून दिलं, "प्रतिभा!" ती मुलगी आता आजी झाली असेल. उत्तर चुकलं होतं हे मला निवृत्तीनंतर कळलं. भाच्याने कॉम्प्युटरवर जुनी पुस्तकं शोधायला शिकवलं, तेव्हा. ती गोष्ट शेक्सपिअरच्या वीस वर्षं आधी रिचने इंग्रजीत छापली होती, १५८१ साली.

हा रिच पेशाने शिपाईगडी. जन्म १५४० च्या सुमाराचा. १५६३ मध्ये फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरात इंग्रज फौज अडकली होती, त्या फौजेत तो होता. पुढे नेदरलंड्समध्ये लढला, आणि मग आयुष्याचा मोठा भाग आयर्लंडमध्ये. विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही. पण लिहायची खुमखुमी जबर! १५७४ पासून मरेपर्यंत वीसहून अधिक पुस्तकं लिहिली. सुरुवातीची सगळी लष्कराबद्दल. देश सैनिकांची कदर करत नाही, भरतीच्या वेळी तुरुंगातले चोर आणि गुत्त्यातले दारुडे गोळा करून पाठवतात, असा तळतळाट. तक्रार खरी होती. पण पुस्तकं वाचायला जड. मी दोन चाळली आणि ठेवून दिली.

आणि मग १५८१ मध्ये या गृहस्थाने 'फेअरवेल टु मिलिटरी प्रोफेशन' काढलं. शिपाईगिरीला रामराम! आत आठ प्रेमकथा. सुरुवातीला एक पत्र इंग्लंड-आयर्लंडच्या बायकांना, दुसरं सैनिकांना. बायकांना लिहिताना स्वतःचीच थट्टा करतो. नगाऱ्यामागे रणात पाय ओढण्यापेक्षा बायकांच्या दालनात सारंगीच्या तालावर चालणं सुखाचं, हे आता कळलं म्हणतो, पण नाचता तर येत नाही. सैनिकांना मात्र जरा ओशाळून सांगतो, माफ करा, असलं काहीतरी लिहितोय. जुनी छपाई वाचताना मराठी माध्यमात बी.ए. झालेल्या माझ्यासारखीची दमछाक होते, 'व्ही'च्या जागी 'यू' आणि 'यू'च्या जागी 'व्ही'. तरी हे पान वाचताना मी एकटीच हसले.

आता ती गोष्ट. सायप्रसच्या सुभेदाराची मुलगी सिला. पाहुणा आलेल्या कॉन्स्टँटिनोपलच्या ड्यूकवर, अपोलोनियसवर, तिचा जीव जडतो. तो निघून जातो, तर ही एका विश्वासू नोकराला घेऊन त्याच्या मागे जहाजावर चढते. वाटेत जहाजाचा कप्तान तिच्यावर जबरदस्ती करू पाहतो, तेवढ्यात वादळ येऊन जहाज फुटतं. ती एका पेटीला धरून किनाऱ्याला लागते. पेटी त्या कप्तानाचीच. तिच्यात पैसे आणि पुरुषाचे कपडे. ते घालून, भावाचं नाव घेऊन, ती ड्यूकच्या चाकरीत शिरते. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ड्यूक तिला दुसरीकडे प्रेमाचे निरोप घेऊन पाठवतो आणि ती दुसरी, ज्युलिना नावाची श्रीमंत विधवा, या 'मुला'च्याच प्रेमात पडते.

शेक्सपिअरचं नाटक मोठं आहे, त्यात वाद नाही. पण दोन गोष्टींत मला शिपाई जास्त पटला. एक म्हणजे ती पेटी. वेषांतर करायचं तर कपडे हवेत, परक्या गावात राहायचं तर पैसा हवा. छावणीत दिवस काढलेला माणूस हे विसरत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शेक्सपिअरची व्हायोला वादळाने फेकली जाते म्हणून तिथे पोचते. सिला मात्र स्वतः ठरवून घराबाहेर पडते आणि त्याची किंमत मोजते. ज्युलिनाही मोजते. सिलाचा खरा भाऊ येतो, एक रात्र राहतो आणि निघून जातो. ज्युलिनाला दिवस जातात. बिचारी ड्यूकसमोर उभी राहून सिलाकडे बोट दाखवते की हाच तो. नाटकात हे सगळं गाळलं आहे. गाळलं म्हणून नाटक हलकं झालं, सुंदर झालं, मान्य. पण बदनामी कुणाच्या वाट्याला येते आणि कोण उठून चालू लागतो, हे रिचने लिहिलं. 'शेक्सपिअरला कच्चा माल पुरवणारा' एवढीच ओळख अभ्यासक त्याला देतात, ती मला कोती वाटते.

पुस्तक खपलं. १५८३, १५९४, १६०६ अशा आवृत्त्या निघाल्या. शेवटी एका सैतानाची चुटकेवजा गोष्ट होती. बायकोच्या रोजच्या नव्या फॅशनला कंटाळून तो पळतो आणि स्कॉटलंडच्या राजाच्या अंगात शिरतो! १५९५ मध्ये हे खऱ्या स्कॉटलंडच्या राजाच्या, जेम्सच्या, कानावर गेलं आणि तो रागावला. १६०३ मध्ये तोच जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसला. १६०६ ची आवृत्ती उघडा, सैतान स्कॉटलंड सोडून मुकाट्याने तुर्काच्या सुलतानाच्या अंगात गेलेला आहे.

रामराम ठोकला खरा, पण काही वर्षांत गडी पुन्हा आयर्लंडमध्ये तुकडीवर हजर. आणि वय वाढलं तसा चिडका होत गेला. 'फॉल्ट्स' त्याच काळातलं. १६१४ च्या 'ऑनेस्टी ऑफ धिस एज'मध्ये तंबाखूची दुकानं, बायकांचे रंगवलेले चेहरे, कपड्यांचे नखरे, सगळ्यांना बोल. ज्या बायकांना नाचता येत नाही म्हणून माफी मागितली होती, त्यांनाच आता शिकवणी. जगात पुस्तकं फार झाली अशीही तक्रार, वीस पुस्तकं लिहिल्यावर! हेही खपलं, हे सांगायला हवं. लोकांना रागावून घ्यायला आवडतं बहुतेक.

आयर्लंडबद्दल त्याने जे लिहिलं ते मात्र मला सोसलं नाही. चाळीसेक वर्षं ज्या देशात काढली तिथल्या माणसांना तो रानटी ठरवतो आणि सगळ्याचं खापर त्यांच्या कॅथलिक धर्मावर फोडतो. आपला इतिहासही १८२६ मध्ये एका कप्तानानेच लिहिला, ग्रँट डफने. त्याच्या चुका काढण्यात आपल्याकडच्या पिढ्या गेल्या. पण डफने निदान कागद जमवले, धडपड केली. रिच आधीच निकाल लावून बसलेला.

१६१६ मध्ये राज्यातला सर्वांत जुना कप्तान म्हणून त्याला शंभर पौंड मिळाले आणि नोव्हेंबर १६१७ मध्ये तो डब्लिनला वारला. ज्या लिखाणाला तो गंभीर समजत होता ते आज अभ्यासकांखेरीज कुणी उघडत नाही. ज्याबद्दल सैनिकांची माफी मागितली तेच उरलं.

हे वाचताना सारखे आमचे दादामामा आठवले. ते सैन्यात होते, खेचरांच्या तुकडीत. निवृत्तीच्या कागदांत नाव चुकलं आणि पेन्शन अडकलं. माझं अक्षर चांगलं म्हणून सगळे अर्ज माझ्याकडून लिहून घेत. 'वरील विषयास अनुसरून' असे तीस-चाळीस अर्ज तरी मी लिहिले असतील. त्यांच्या नकला मी अजून फाईलमध्ये जपून ठेवल्या आहेत. पण अर्ज झाला की मामा ओसरीवर बसून आम्हा पोरींना गोष्टी सांगत, त्यातली एकही मी लिहून घेतली नाही. वाटायचं, कामाचं लिहून झालं, आता ही करमणूक.

बर्फात अडून बसलेल्या खेचराची एक होती. रात्र पडली, खाली दरी, आणि ते खेचर काही केल्या पाऊल टाकेना. मामा त्याच्या कानात काहीतरी म्हणाले, एवढं आठवतं. काय म्हणाले आणि पुढे काय झालं, ते आठवत नाही. नाशिककर किंवा साताऱ्याच्या मंडळींपैकी कुणाला आठवत असेल तर मला फोन करा. दुपारी चारनंतर मी घरीच असते.