छापील फी आणि खरी फी

आज आधी एक गणित. वही-पेन्सिल घ्या पाहू!

'अ' कॉलेजचा वर्षाचा खर्च ६०,००० डॉलर. ते तुम्हांला २५,००० डॉलरची शिष्यवृत्ती देतं. 'ब' कॉलेजचा खर्च ८५,००० डॉलर, पण ते ८०,००० डॉलरची मदत देतं. सांगा, स्वस्त कोणतं?

बरोबर! 'अ'साठी घरून ३५,००० डॉलर द्यावे लागतील आणि 'ब'साठी फक्त ५,०००. आकडे मी मनानं घेतलेत, पण अमेरिकेतल्या छोट्या 'लिबरल आर्ट्‌स' कॉलेजांत असं खरोखर घडतं. म्हणून माहितीपत्रकातली छापील फी बघून लगेच "आपल्याला नाही बाबा जमणार!" म्हणू नका. तसंच शिष्यवृत्तीचा मोठा आकडा बघून हुरळूनही जाऊ नका.

'आर्ट्‌स' म्हटलं की आपल्याला वाटतं, तिथं सायन्स नसणार. तसं नाही बरं का! तिथं पदार्थविज्ञान घेणारी मुलगी सोबत संगीत आणि इतिहासही शिकते. कॉलेजात मुलं साधारण दोन हजार किंवा त्याहूनही कमी. बहुतेक सगळी तिथल्याच वसतिगृहात राहतात. प्राध्यापक तुम्हांला नावानं ओळखतात. (म्हणजे दांडी मारली की लगेच कळतं!)

आता तीन खरी कॉलेजं शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिलं मॅसॅच्युसेट्‌स राज्यातलं विल्यम्स. स्थापना १७९३. चारी बाजूंना डोंगर. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सकाळी अचानक घंटा वाजतात, तास रद्द होतात आणि मुलं डोंगर चढायला निघतात! २०२२ सालापासून इथल्या आर्थिक मदतीत कर्ज नाही आणि सक्तीची नोकरीही नाही. मदत घेणाऱ्यांना पाठ्यपुस्तकांचा खर्चही मिळतो.

दुसरं त्याच राज्यातलं अ‍ॅमहर्स्ट. स्थापना १८२१. सक्तीचे विषय जवळजवळ नाहीत. शेजारच्या कॉलेजांत बसनं जाऊन तिथले विषयही घेता येतात. भारतातून अर्ज केला, तरी प्रवेश देताना घरची आर्थिक परिस्थिती पाहत नाहीत. मुलाला आधी निवडतात आणि मग त्याला लागेल तेवढी मदत देतात.

तिसरं केंटकी राज्यातलं बेरिया. स्थापना १८५५. इथं १८९२ पासून शिकवणीची फी घेतलीच जात नाही! मात्र प्रत्येकानं आठवड्याला किमान दहा तास काम करायचं. कुणी ऑफिसात, कुणी शेतावर, तर कुणी झाडू बांधतं. परदेशी मुलं मात्र मोजकीच घेतात.

गंमत पाहा. विल्यम्समध्ये मदत घेणाऱ्या मुलाला नोकरीची सक्ती नाही, म्हणून संध्याकाळी तोही इतरांसारखा नाटकाच्या तालमीला जाऊ शकतो. बेरियात तर सगळेच काम करतात, त्यामुळे "हा बिचारा काम करून शिकतो" असं कोण कुणाला म्हणणार? वाटा उलट्या, पण दोन्हीकडे गरिबाघरच्या मुलाला मान खाली घालावी लागत नाही. आर्थिक मदत नुसती फीपुरती नसते. तिथली तुमची संध्याकाळ कशी जाईल, हेही तीच ठरवते.

आता एक कडू गोष्ट, ती आईबाबांनाही वाचून दाखवा. अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांत परदेशी मुलानं मदत मागितली, की प्रवेशाची शक्यता कमी होते. म्हणून काहीजण सल्ला देतात, "आत्ता मागू नका, आत गेल्यावर बघू." असं कधी करू नका! कित्येक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याला नंतर मदत मागूच देत नाहीत. मग दुसऱ्या वर्षी फी भरायची कुठून? बाहेर नोकरी करू म्हणाल, तर विद्यार्थ्यांच्या व्हिसावर सहसा कॉलेजच्या आवारातच काम करता येतं आणि सत्र चालू असताना तेही आठवड्याला वीस तासांपर्यंतच.

मदतीचं पत्र हातात आलं की चार प्रश्न विचारा. यात कर्ज किती? कामाचे तास किती? मदत चारही वर्षं मिळणार का? आणि हिवाळ्याच्या सुट्टीत, बाहेर बर्फ पडत असताना, वसतिगृह उघडं असतं का? घरी यायचं विमानाचं तिकीट काही दर सुट्टीला परवडत नाही!

अर्जात बाबांचा पगार, घर, शिल्लक असं सगळं विचारतात. ते खरं खरं लिहायचं. त्यात लाज कसली? त्यासाठी एका रविवारी चहा झाल्यावर आईबाबांजवळ बसा आणि विचारा, "आपल्याला वर्षाला किती जमेल?" जो आकडा मिळेल, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कॉलेजांची नावं त्यानंतर!