भरपाईच्या हिशेबातली पगाराची मर्यादा उठवा!

कामावर अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व भारतात 1923 च्या कायद्याने आणले. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. या बदलाचा गाजावाजा कामगारहिताची सुधारणा म्हणून झाला. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

घरून कामावर जाता-येताना झालेला अपघात आता संहितेत स्पष्ट शब्दांत आला. मात्र त्याचा नोकरीशी संबंध दाखवावा लागतो. ही तरतूद नव्हती तेव्हा काय होत असे? तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 2003 साली साखर कारखान्याचा एक पहारेकरी पहाटेच्या पाळीला निघाला आणि वाटेतच दगावला. कुटुंबाला मिळालेला 3,26,140 रुपयांचा निवाडा उच्च न्यायालयात रद्द झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला, तोवर 2025 साल उजाडले होते.

खरी मेख हिशेबात आहे. कायम अपंगत्वाची भरपाई काढताना पगाराचे 60 टक्के धरतात, त्याला वयाच्या गुणकाने गुणतात आणि कमाईची क्षमता जितके टक्के गेली तितकाच वाटा देतात. मात्र पगार कितीही असो, तो एका मर्यादेपर्यंतच मोजला जातो. ही मर्यादा 2010 पासून 8,000 होती. 2020 साली ती 15,000 झाली. समजा, पॉवर प्रेसखाली पंचवीस वर्षांच्या कामगाराचा अंगठा गेला. पगार 22,000, म्हणजे ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) 21,000 च्या मर्यादेबाहेर, म्हणून भरपाई मालकाकडूनच. गुणक 216.91, अंगठ्याचे 30 टक्के. खऱ्या पगारावर 8,58,964 रुपये होतात. 15,000 च्या मर्यादेने 5,85,657. पावणेतीन लाखांची ही कात्री कोणत्याही न्यायाधीशाने लावलेली नाही, ती सरकारी अधिसूचनेने लागते. महागाई दरवर्षी वाढते, मर्यादा मात्र दहा-दहा वर्षे हलत नाही.

उरलेली रक्कमही सहजी हाती पडत नाही. महिनाभरात पैसे न दिल्यास 12 टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात ठेकेदार दवाखान्याचे बिल भरतो, हातावर थोडी रोकड ठेवतो आणि ‘तक्रार नाही’ असे लिहून घेतो. काही ठिकाणी तर ईएसआयची नोंदणी अपघातानंतर होते! ठेकेदाराच्या माणसाची जबाबदारी मूळ मालकावरही येते, हे त्या माणसाला कोणी सांगत नाही.

पगाराची मर्यादा रद्द झाली पाहिजे. निदान ती दरवर्षी महागाईशी जोडली पाहिजे. तोवर जखमी कामगाराने कोऱ्या कागदावर सही करू नये. हक्क सोडल्याचा लेखी करार कायद्यापुढे टिकत नाही. मृत्यूची भरपाई परस्पर घरी दिली तरी ती दिली असे धरत नाहीत. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा व्हावी लागते. आणि दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावा.