नंबर येईपर्यंतची झोप



गळीत हंगामात या अंकातून रिकव्हरी, टनेज, तोडणी कार्यक्रम आणि उसाची बिले यांवर पुष्कळ मजकूर येतो, आणि तो आलाच पाहिजे. पण फडातून ऊस गव्हाणीपर्यंत आणणारा ड्रायव्हर, किंवा आपली साखरेची पोती न्हावा-शेवा बंदराकडे नेणारा ड्रायव्हर रात्री झोपतो कुठे, याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही. हा ड्रायव्हर काही परका नव्हे. पुष्कळदा तो आपल्याच सभासदाचा मुलगा असतो आणि ट्रॅक्टरचे हप्ते अजून फिटायचे असतात.

पुणे-बंगळूर महामार्गाला लागलेल्या ट्रकवाल्याला पडायला जागा तशा बऱ्याच आहेत, पण सगळ्या सारख्या नाहीत. आम्ही पहिला नंबर ढाब्याला देतो. जेवण केले की बाज मिळते, हौदावर अंघोळ होते, रात्रभर दिवा आणि माणसांची जाग असते, आणि मालक ओळखीचा झाला की गाडीवरही लक्ष ठेवतो. संडासाचे मात्र नाव काढू नये. पेट्रोल पंपावर उजेड असतो, कॅमेरे असतात. पण डिझेल भरले नाही तर ‘गाडी काढा’ असे सुनावणारेही पंप आहेत. सरकारी तेल कंपन्यांनी काही पंपांवर ‘अपना घर’ नावाने ड्रायव्हर लोकांसाठी खाटा, न्हाणीघर आणि स्वयंपाकाची सोय केली आहे. ही चांगली गोष्ट झाली, आपल्या वाहनधारकांनी तिची माहिती करून घ्यावी. टोलनाक्याजवळच्या ट्रकतळावर चोरीचे भय कमी, पण हॉर्नच्या आवाजात झोप कसली लागते! आणि एक्स्प्रेस वेवरचे फूडमॉल? संडास स्वच्छ, पण तिथला चहा मोटारवाल्यांच्या खिशाचा. ट्रकवाला तिथे पाहुणा नव्हे, अडचण समजला जातो.

समृद्धी महामार्गाचे पाहा. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी उघडला आणि २०२५ च्या जूनमध्ये सबंध ७०१ किलोमीटर रस्ता पुरा झाला. पहिला टप्पा उघडला तेव्हा वाटेत पंप, उपाहारगृहे, संडास फार थोडे होते. रस्ता सरळ, ना वळण ना गाव. अशा रस्त्यावर डोळा लागायला वेळ लागत नाही. आधी रस्ता आणि मग माणसाची सोय, हा क्रम आम्हांला उलटा वाटतो.

सगळ्यांत वाईट जागा म्हणजे रस्त्याची साइडपट्टी. पहाटे दोन ते पाच ही झोपेची ऐन वेळ. त्या वेळी उभ्या ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि मागून येणाऱ्याचाही डोळा जड झालेला. पुढे काय होते ते सांगायला नको. झोप आवरत नसेल तर उजेडाच्या आणि चार गाड्या उभ्या असलेल्या जागी थांबून वीस मिनिटे डोळा लावावा. नुसत्या चहाने झोप जात नाही, ती थोडी पुढे ढकलली जाते.

केबिनमध्ये झोपताना इंजिन बंदच पाहिजे. थंडी म्हणून शेगडी आत घेणारे आहेत, आणि डास म्हणून काचा गच्च लावून कॉइल पेटवणारे तर घरटी सापडतील. कोळशाच्या आणि इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटे खाली ठेवून त्यांना आतून मच्छरदाणीचे कापड लावले, तर डासही अडतात आणि हवाही खेळते. हँडब्रेक ओढावा, चाकाला दगड लावावा, आणि कुठे थांबलो ते घरी फोन करून सांगावे. बायकोला काळजी असते, तिला विचारून पाहा.

आता मुख्य गोष्ट, ती आपल्याच आवारातली. गाड्यांची रांग लागली की वजनकाट्यापर्यंत पोचायला रात्र उलटते. ड्रायव्हर स्टिअरिंगवर मान टाकतो, आणि टोळीतला माणूस दव पडते म्हणून ट्रॉलीखाली पोते अंथरतो. रांग हलली की मागचा हॉर्न मारतो, पुढचा अर्धवट झोपेत गियर टाकतो. खाली कोण आहे हे बघायला त्याला सवड कुठली? ‘साहेब, नंबर गेला म्हणजे खेप गेली,’ असे ड्रायव्हर म्हणतात, आणि त्यात खोटे काही नाही. टोळीबरोबर बायामाणसे असतात. अंधारात त्यांनी जायचे कुठे, हे आम्ही इथे फोड करून लिहीत नाही.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात ड्रायव्हरला दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा, आणि जिथे त्याला रात्री मुक्काम करावा लागतो तिथे मालकाने विश्रांतीची खोली द्यावी, असे म्हटले होते. हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागत असे. एका ट्रॅक्टरचा मालक स्वतःच ड्रायव्हर असेल तर तो त्यात बसत नव्हता, असे कोणी वकिली करील. करू द्या. सहकाराचा कारखाना कलम मोजून माणुसकी देत नाही.

आमचे मागणे मोठे नाही. रांगेपासून दूर, तारेच्या कुंपणातली एक पत्र्याची शेड, तीत फळ्यांचे माच, पाणी, आणि बायकांसाठी दारे लागणारे वेगळे संडास. नंबर टोकनाचा ठेवावा, म्हणजे झोपलेल्याचा नंबर जाणार नाही. नंबर जवळ आला की उठवायला रात्रपाळीचा एक माणूस. ट्रॉलीखाली झोपण्यास सक्त मनाई. आणि ज्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नाही तिला काट्यावर घेऊ नये, मग ती कोणाचीही असो, संचालकाची असली तरी.

खर्चाचे म्हणाल तर शेडला लागणारे पत्रे जुन्या गोदामाचे निघतील, असे स्टोअरमधले लोक सांगतात. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर व्हायची आहे. ठराव आम्ही लिहून ठेवला आहे; सूचक आणि अनुमोदक म्हणून ज्यांना सही करायची असेल त्यांनी शेतकी ऑफिसात यावे.