बातमीतला शब्द कुणाचा?

गावातल्या भांडणाची बातमी पेपरात चुकीची छापून आली, तर उमरीच्या बाजारात लोक ती दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करतात. आधी कोण बोलले, हात कुणी उचलला, हे पाहणारे तिथेच असतात. गाझा, काबूल किंवा ढाक्याच्या बातमीचे तसे नसते. म्हणून परदेशाच्या बातमीत जो शब्द येतो, तोच आपल्यासाठी घडलेली गोष्ट होऊन बसतो. तो शब्द कुणी निवडला, हे आपण सहसा विचारत नाही. या महिन्यात आम्हाला त्याबद्दलच वाचकांशी बोलायचे आहे.

परदेशाच्या बहुतेक बातम्या रॉयटर्स, एपी, एएफपी अशा मोजक्या वृत्तसंस्थांकडून इंग्रजीत येतात. मराठी दैनिकात रात्रीच्या घाईत त्यांचे भाषांतर होते. भाषांतर करणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, पण मूळ बातमीतले नाम आणि क्रियापद तो तसेच मराठीत आणतो. दूर देशी कुणीतरी केलेली निवड अशी सकाळच्या चहासोबत आपल्या घरात पोहोचते.

लूट कुणाची, मिळकत कुणाची

२००५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेतले न्यू ऑर्लिन्स शहर कतरीना वादळाच्या पुरात बुडाले. खोल पाण्यातून खाण्याचे सामान घेऊन निघालेल्या लोकांची दोन छायाचित्रे तेव्हा जगभर गाजली. एकात काळा तरुण होता. त्याने किराणा दुकान 'लुटले', असे एपीने छायाचित्राखाली लिहिले. दुसऱ्यात एक गोरा पुरुष आणि एक गोरी स्त्री होती. त्यांना दुकानातून पाव आणि सोडा 'मिळाला', असे एएफपीने लिहिले. आमच्या छायाचित्रकाराने त्या तरुणाला दुकानात शिरताना पाहिले होते, असा खुलासा एपीने केला. दोन्ही संस्था वेगळ्या होत्या, यात कुणाचा कट नव्हता. तरीही उपाशी माणसांसाठी दोन वेगळे शब्द निघाले, आणि काळ्या माणसाला कोणता मिळाला हे जगाने पाहिले.

उमरीच्या माणसाला 'लूट' हा शब्द नवा नाही. जानेवारी १९४८ मध्ये स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र कार्यकर्त्यांनी उमरीच्या बँकेवर धाड घातली आणि तिथली रक्कम हैदराबादच्या लढ्यासाठी नेली. निजाम सरकारच्या लेखी तो दरोडा होता. आपल्याकडे मात्र उमरी बँकेची लूट अभिमानाने सांगितली जाते. घटना एकच, पण सांगणारा कुठे उभा आहे त्यावर तिचे नाव ठरले.

मारणारा दिसतो का?

२२ जुलै २०११ रोजी नॉर्वेत ओस्लो शहरात बॉम्बस्फोट झाला आणि उटोया बेटावर गोळीबार झाला. ७७ माणसे गेली. दुसऱ्या दिवशी लंडनच्या 'द सन'ने पहिल्या पानावर अल-कायदाचे नाव छापले. मारेकरी निघाला नॉर्वेचाच, मुसलमानांचा द्वेष करणारा आंद्रेस ब्रेविक. अशा वेळी 'दहशतवादी' हा शब्द मागे पडतो आणि 'माथेफिरू', 'एकटा बंदूकधारी' असे शब्द पुढे येतात. उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींवर हल्ला होऊन ५१ जण शहीद झाले, तेव्हा पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी त्याच दिवशी त्याला दहशतवादी हल्ला म्हटले. योग्य शब्द वापरायचा ठरवला तर वापरता येतो.

व्याकरणातही बरेच लपते. 'हल्ल्यात तीस जण मृत्युमुखी पडले' आणि 'विमानांनी बॉम्ब टाकून तीस जणांना मारले' ही दोन वाक्ये वाचा. पहिल्यात मारणारा दिसतच नाही. एका बाजूचे लष्कर 'माहिती' देते आणि दुसऱ्या बाजूचे आरोग्य खाते 'दावा' करते. एका बाजूने डांबलेली माणसे 'ओलीस' असतात. दुसऱ्या बाजूने खटला न चालवता वर्षानुवर्षे डांबलेली माणसे 'कैदी' असतात. यात एकही वाक्य खोटे नसते. कुणाच्या जिवाची किंमत किती धरली आहे, हे त्यातून कळते.

आपण बातमी होतो तेव्हा

एके काळी आपला मराठवाडाही जगासाठी परदेशाची बातमी होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना हैदराबाद संस्थानात शिरली आणि पाच दिवसांत मोहीम संपली. लष्करात तिचे नाव 'ऑपरेशन पोलो' होते. जगाला सांगितलेला शब्द मात्र 'पोलीस ॲक्शन'. या शब्दामागे कारण होते. निजाम सरकारने ऑगस्टमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती. दोन देशांतले युद्ध हा परिषदेचा विषय ठरतो, पोलीस पाठवणे ही घरातली बाब ठरते.

त्याच सुमारास, १९४७ आणि १९४८ मध्ये, डच सरकारने इंडोनेशियावर फौजा घातल्या आणि त्यांनाही 'पोलीस ॲक्शन'च म्हटले. तेव्हा भारताने डचांचा कडक निषेध केला. दोन्ही प्रसंग सारखे नाहीत. डच परके राज्यकर्ते होते, तर हैदराबादच्या बहुसंख्य जनतेला भारतात यायचे होते. पण रणगाड्यांना पोलीस म्हणण्याची सोय दोन्ही सरकारांनी घेतली.

आपल्या दादी-नानींच्या तोंडी 'पोलीस ॲक्शन'चा अर्थ आणखी वेगळा आहे. त्यांच्यासाठी तो सैन्य आल्यानंतरच्या दिवसांचा शब्द आहे. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने त्या दिवसांतल्या मृतांचा आकडा २७ ते ४० हजार सांगितला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बिदरसोबत आपला नांदेडही होता. शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्यात आहे. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही.

तरीही 'मुक्ती' हा शब्द खोटा म्हणता येत नाही. ज्यांची गावे रझाकारांनी जाळली, त्यांच्यासाठी तो खराच आहे. रझाकारांचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील. आणि भारतात विलीन व्हावे असे लिहिणाऱ्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाच्या संपादकाला, शोएबुल्लाह खान यांना, रझाकारांनीच ऑगस्ट १९४८ मध्ये ठार केले. आपल्यातल्याच एका माणसाने खऱ्या शब्दासाठी जीव दिला, हे आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे.

'रझाकार' हा शब्दच पाहा. मुळात अर्थ स्वयंसेवक, आणि पाकिस्तानात तो आजही त्या अर्थाने चालतो. मराठवाड्यात तो जुलमी माणसाचे नाव झाला. बांगलादेशात १९७१ नंतर त्याचा अर्थ देशद्रोही झाला. जुलै २०२४ मध्ये शेख हसीना यांनी आंदोलनाच्या संदर्भात रझाकारांच्या नातवंडांचा उल्लेख केला. तो आपल्याला उद्देशून आहे असे मानून ढाक्याचे विद्यार्थी रात्रीच रस्त्यावर आले, आणि ५ ऑगस्टला त्यांना देश सोडावा लागला. ती बातमी मराठीत वाचताना आपल्या मनात मात्र १९४८ चाच रझाकार उभा राहिला असेल.

घरात काय करावे?

सूरह हुजुरातमध्ये खबर आली की आधी पडताळून पाहण्याची ताकीद आहे, म्हणजे अजाणतेपणी कुणावर अन्याय होऊन पस्तावण्याची वेळ येणार नाही. पडताळणी शब्दापासून सुरू करता येते. परदेशाची बातमी वाचताना मुलांना तीन प्रश्न विचारायला लावा. हे कुणी केले ते वाक्यात आहे का? हा शब्द कुणी दिला, सरकारने, बातमीदाराने की ज्याच्यावर गुदरले त्याने? आणि हेच दुसऱ्या बाजूने केले असते तर हाच शब्द आला असता का?

तिसरा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. मोबाइलवर येणारे मेसेज आपण पुढे पाठवतो. त्यांत आपल्या बाजूच्या माणसाने निरपराधाला मारले तर आपणही 'घडले', 'झाले' अशी क्रियापदे वापरतो. दुसऱ्याचे माप तपासायचे आणि आपले तसेच ठेवायचे, हा न्याय नव्हे.

येत्या १७ सप्टेंबरला मूल शाळेतून 'मुक्तिसंग्राम' शिकून येईल आणि घरात 'पोलीस ॲक्शन' ऐकेल. त्याला एक शब्द विसरायला सांगू नका. दोन्ही शब्दांमागे कोण माणसे होती ते सांगा. हे ज्याला कळले, त्याला गाझाची किंवा ढाक्याची बातमी कशी वाचायची हे वेगळे शिकवावे लागणार नाही.